काकांचे अकरा दिवे

काकांच्या घरात मागच्या दाराशी चार बटणं होती आणि प्रत्येकाखाली मराठीत चिठ्ठी चिकटवलेली होती. 'जिना', 'तळघर', 'पायऱ्या' आणि चौथ्याखाली नुसतंच 'नको'. एडमंटनला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी मी अर्थातच ते चौथं बटण दाबलं. गॅरेजच्या कपाळावरचा भलामोठा फ्लडलाइट भपकन पेटला, सगळं परसदार पांढरंफटक झालं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "वाचता येत नाही का बाई? पुण्याची आहेस ना तू?"

अशी आमची ओळख झाली.

काका म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत, आमचे घरमालक. विदर्भात वीजखात्यात अठरा वर्षं आणि मग इथे एका कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून वीस वर्षं काढून रिटायर झालेले. माझा नवरा तेलाच्या प्रोजेक्टवर, दोन आठवडे वर उत्तरेला आणि एक आठवडा घरी. मी युनिव्हर्सिटीतल्या एका लॅबमध्ये. त्यामुळे संध्याकाळी बोलायला मला वरचे काका आणि काकू एवढेच होते. त्यातले काका एकाच विषयावर बोलत.

"दिवा दिसला की दिवा चुकला," हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवा काय पाहायचा असतो का, दिव्यानं दुसरं काही दिसलं पाहिजे, असं ते हात नाचवत सांगत. रोज ऊन उतरलं की कानटोपी चढवून, हात मागे बांधून ते गल्लीत फेरी मारायला निघत आणि लोकांच्या घरांवरचे दिवे तपासत. शेजाऱ्यांची नावं त्यांना येत नसत असं नाही, पण ते त्यांना दिव्यांवरून ओळखत. कोपऱ्यावरचं कुटुंब म्हणजे 'पिवळा बल्ब'. समोरच्या म्हाताऱ्या बाई 'दोन कंदील'. नवीन आलेलं जोडपं 'दवाखाना', कारण त्यांनी गॅरेजवर निळसर ट्यूब लावली होती. मला ते काकूंशी बोलताना 'साठ वॅट' म्हणत, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मी साठ वॅटचा उघडा बल्ब लावला होता आणि त्यांच्या मते तिथे चाळीसचा, तोही झाकलेला, पुरला असता.

त्यांना कुणाकडे जेवायला न्यायचं म्हणजे काकूंना धडकी भरे. एकदा मंडळातल्या एका घरी सत्यनारायण होता. गुरुजी पूजा सांगतायत, बायका हळदीकुंकवाची तयारी करतायत आणि काका मधूनच उठून भिंतीपाशी गेले आणि त्यांनी वरचं झुंबर बंद करून टाकलं. सगळे दचकले. "आता समई दिसली का?" असं विचारून ते परत जागेवर येऊन बसले. यजमानीण बाईंनी लगेच झुंबर लावलं. काकांनी परत बंद केलं. तिसऱ्या वेळी काकूच उठल्या, नवऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या आणि कथेचे पुढचे दोन अध्याय ते दोघं कारमध्ये बसून होते. मी प्रसाद नेऊन दिला तेव्हा काका म्हणाले, "पण समई सुंदर दिसत होती की नाही, खरं सांग." खरं सांगायचं तर दिसत होती.

काकू अमरावतीच्या. बुटक्या, गोऱ्या, बोलायला कमी आणि ऐकायला तयार. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यांना काहीतरी आजार होता, ज्यावर उपाय नाही असं डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं. दिवसा त्या पेपर वाचत, सुईत दोराही ओवत. उजेड उतरला की मात्र त्यांना धूसर व्हायचं. अंधारात एकदम मोठा दिवा डोळ्यांवर आला तर पुढची पाच मिनिटं काहीच दिसायचं नाही. एडमंटनला हिवाळ्यात सव्वाचारला सूर्य मावळतो. काकू एकदा मेथी निवडताना मला म्हणाल्या, "ऑक्टोबर ते मार्च मी घड्याळाकडे पाहून जगते गं. चार वाजले की माझं दार बंद."

आदल्या नोव्हेंबरात त्या गॅरेजमधून घराकडे येताना मागच्या पायऱ्यांवर पडल्या होत्या आणि मनगट मोडलं होतं, एवढं मला माहीत होतं. कसं पडल्या ते काकूंनीच सांगितलं. त्या गॅरेजमधून निघाल्या ते काकांनी खिडकीतून पाहिलं आणि हिला नीट दिसावं म्हणून धावत जाऊन फ्लडलाइट लावला. काकूंच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि त्यांचा तोल गेला. "त्यांनी अजून मला एकदाही म्हटलं नाही, की माझ्यामुळे पडलीस," काकू म्हणाल्या. "ती चिठ्ठी लावली फक्त." ते बटण पहिल्या दिवशी मीच दाबलं होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

"मग तो दिवा काढून का नाही टाकत?" मी काकांना विचारलं.

"असू दे," ते म्हणाले आणि कानटोपी शोधायला लागले.

त्यांची मुलगी मीनल पार पूर्वेला, मार्कहॅमला. कामाची, सरळ, आईवर जीव असलेली मुलगी. दर रविवारी तिचा फोन येई आणि काका तो स्पीकरवर ठेवत, त्यामुळे त्यांचं बोलणं खाली बेसमेंटपर्यंत ऐकू येई.

"बाबा, बी प्रॅक्टिकल. धिस टाइम इट वॉज द रिस्ट. नेक्स्ट टाइम हिप असेल. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये कॉन्डो आहे, लिफ्ट आहे, खाली ग्रोसरी आहे. आई संध्याकाळीसुद्धा लॉबीत फिरू शकेल."

"लॉबीत काय फिरायचं?" काका म्हणत.

"मी ख्रिसमसला येतेय. तेव्हा डिसाइड करू. आईला जर अंधार पडल्यावर घराबाहेर पाऊलच टाकता येत नसेल, तर दॅट हाउस इज नॉट वर्किंग फॉर हर. तुम्हाला हे मान्य करावं लागेल."

ते काकांना मान्य होतं, आणि तीच त्यांची अडचण होती. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, पण त्यांना घराचंही एवढं नव्हतं. आपल्या बायकोला आपल्याच घरात उजेड देता येत नाही, तेवढ्यासाठी तीन हजार किलोमीटर लांब जावं लागतंय, हे त्या माणसाला सहन होत नव्हतं.

त्या जुलैत गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारांनी पश्चिमेकडची सगळी भिंत फोडून काढली. इथली घरं लाकडी, आणि त्यांना बाहेरून प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्यांचा अंगरखा घातलेला असतो, त्याला साइडिंग म्हणतात. गल्लीतले सगळे लोक डोक्याला हात लावून बसले होते. काका मात्र फुटक्या साइडिंगपुढे उभे राहून हसत होते. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, हे सगळं आता उतरवावं लागेल. आतल्या फळ्या उघड्या पडतील. वायर पाहिजे तिथून नेता येईल, पाहिजे तिथे दिवा. एकदा नवीन पट्ट्या चढल्या की मग एकेका दिव्यासाठी भिंतीला भोक पाडा, आणि त्यातून पाणी आत जातं. असा मोका पुन्हा येत नाही बाप्पा."

ऑगस्टभर त्यांनी ग्राफ पेपरवर नकाशे काढले. काकूंना काय दिसतं ते कळावं म्हणून एका जुन्या काळ्या गॉगलवर त्यांनी व्हॅसलिन चोपडलं आणि तो डोळ्यांवर चढवून ते तिन्हीसांजेला घराभोवती चाचपडत फिरायला लागले. दोनदा कुंपणाला धडकले. मग तो गॉगल त्यांनी मला घातला, सुट्टीवर आलेल्या माझ्या नवऱ्याला घातला, 'दोन कंदील' बाईंनाही घातला. प्रत्येकाला गॅरेजपासून मागच्या दारापर्यंत चालवायचे आणि कुठे अडखळलं ते वहीत लिहायचे. माझ्या नवऱ्याने खाली आल्यावर मला विचारलं, "आपलं लीज कधी संपतं?"

साइडिंग करायला आला तो टेरी नावाचा धिप्पाड माणूस. काकांनी उघड्या फळ्यांवर खडूने अकरा खुणा करून त्यांना मराठी आकडे घातले होते. टेरीला ते वाचता येईनात, पण तो गडी हसतमुख. चारच्या आकड्याला तो 'रिबन' म्हणायचा. "सर, डू यू वॉन्ट द रिबन हायर?" असं शिडीवरून ओरडून विचारायचा आणि काका खालून, "थ्री इंचेस! थ्री!" असं बोटं दाखवत.

पण सप्टेंबर संपत आला आणि टेरीचं हसू कमी झालं. काका एक दिवा सांगत, वायर जाई, डबा ठोकला जाई आणि संध्याकाळी गॉगल घालून पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी तो चार इंच सरके. "सर, आय हॅव थ्री मोअर हाउसेस बिफोर द स्नो," टेरी म्हणाला. "इट्स जस्ट लाइट्स."

काकांनी खिशातून तो गॉगल काढून त्याला दिला. टेरीने हसत हसत घातला आणि चालायला लागला. सातव्या पावलाला तो काकूंच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात गेला, पायरीपाशी थांबला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. एवढा मोठा माणूस हात पुढे करून उभा होता ते मला बघवेना. मग त्याने गॉगल काढला आणि विचारलं, "युअर वाइफ?" काकांनी मान हलवली. त्यानंतर टेरी घाईबद्दल काही बोलला नाही.

असे अकरा दिवे बसले. छपराच्या वळचणीत चार, भिंतीवर खाली तोंड केलेले पाच आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक. एकाचीही काच डोळ्यांना दिसत नव्हती. फ्लडलाइट काकांनी स्वतः शिडीवर चढून उतरवला. वेटोळ्या नळीचे नवे सीएफएल बल्ब, ते थंडीत आजाऱ्यासारखे जळतात म्हणून त्यांनी घेतले नाहीत. वायरिंग तपासणारा इन्स्पेक्टर येऊन सही करून गेला, टेरीने राखाडी पट्ट्या चढवल्या आणि भिंत बंद झाली.

पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी काकांनी मला वर बोलावलं. कोट घालून मागच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. त्यांनी बटण दाबलं. खरं सांगते, मला वाटलं चांदणं पडलं. कुठेही दिवा दिसत नव्हता आणि गॅरेजपर्यंतची वाट नुसती उजळून निघाली होती. कुठे काळोखाचा डाग नाही, कुठे सावली नाही.

"जा," काका काकूंना म्हणाले.

काकू उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी एक पाय पुढे केला आणि मागे घेतला.

"पायऱ्या कुठे गेल्या?"

"अगं, ह्या काय समोर!"

"मला सगळं एकच दिसून राहिलं हो. दूध सांडल्यासारखं." मग त्या घाईघाईने म्हणाल्या, "पण छान आहे. फार छान झालंय." आणि आत जाऊन कुकर लावायला लागल्या.

काका तिथेच उभे राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सवय होईल हळूहळू." त्यांनी ऐकलंच नाही. त्यानंतर तीन संध्याकाळी कानटोपी खुंटीवर होती. 'पिवळा बल्ब'चे गृहस्थ मला थांबवून विचारून गेले की ओल्ड मॅन बरे आहेत ना.

चौथ्या दिवशी भाडेकरूची पायरी सोडून मी बोलले. स्वभावच आहे माझा. वर गेले तर काका जेवणाच्या टेबलावर ग्राफ पेपर पसरून बसले होते आणि बारावा दिवा कुठे लावायचा ते शोधत होते.

"काका, तुम्ही मला गॉगल घातलात, टेरीला घातलात. काकूंना विचारलंत का, त्यांना काय पाहिजे?"

"तिला काय विचारायचं? तिला दिसत नाही म्हणून तर हे करून राहिलो ना मी!"

"तेच म्हणते. ज्यांना दिसत नाही, त्यांनाच ठाऊक ना काय दिसत नाही ते."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता नोटीस मिळणार. ओट्यापाशी काकू आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी गॅस बारीक केला आणि वळल्यादेखील नाहीत.

"काय गं," काका शेवटी काकूंना म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"कोट देता का माझा?" काकू म्हणाल्या.

त्यांनी मागच्या दारात खुर्ची टाकायला लावली आणि पायांवर ब्लँकेट घेऊन त्या बसल्या. काका बर्फात शिडी घेऊन एकेका दिव्यापाशी जात आणि बल्ब सैल करत. काकू बघत, मान तिरकी करत, वेळ घेत. "हा?" काका ओरडत. "नको." पुढचा. "हा?" "हा लावून पाहा परत... नाही, नको." असं तीन संध्याकाळी चाललं. काकांना असं इकडे-तिकडे पळवताना मी काकूंना कधी पाहिलं नव्हतं. "घाई करू नका," असंसुद्धा त्या म्हणाल्या. डाव्या हाताचे सगळे दिवे त्यांनी बाद केले. वळचणीतले तीन बाद केले. अकरातले सहा गेले, पाच राहिले, आणि ते सगळे एका बाजूचे. आता प्रत्येक पायरीच्या काठाखाली एक काळी रेघ पडली होती. वाटेवरच्या बर्फाचा उंचवटा न् उंचवटा दिसत होता.

काका शिडी खांद्यावर घेऊन त्या रेघांकडे बघत राहिले. "सावली पाहिजे तिला," ते मला म्हणाले. "अडतीस वर्षं मी सावल्या काढून राहिलो." त्यांना वाईट वाटलं होतं का आनंद झाला होता ते मला ओळखता आलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

डिसेंबरात मीनल आली. एअरपोर्टवरून मागच्या गल्लीने गाडी आली आणि दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "बाबा, हाफ युअर लाइट्स आर आउट. टेरीला फोन केलात का?" काकांनी तिची बॅग उचलून आत नेली. एवढा बोलका माणूस, पण दोन दिवस मुलीशी दिव्यांविषयी एक अक्षर बोलला नाही. कॉन्डोचे फोटो तिने टेबलावर ठेवले होते, ते त्यांनी नीट एकाखाली एक रचून ठेवले.

तिसऱ्या दिवशी पावणेपाचला मी लॅबमधून आले. वर चहाला बोलावलं होतं. बाहेर काळोख झाला होता, नुकताच ताजा बर्फ पडून गेला होता. काकू हात पुसत म्हणाल्या, "पुलावाला मटार नाहीत. गॅरेजच्या फ्रीझरमधून आणते."

"आई, मी आणते," मीनल उठली.

"बस तू," काकू म्हणाल्या, बूट घातले, शाल घेतली आणि गेल्या.

मीनल खिडकीशी धावली. मीही गेले. काका मात्र फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले. ज्यांनी गल्लीतला एकेक दिवा तपासला होता, त्यांना त्या खिडकीतून बघायचं धैर्य होईना.

"कुठवर आली?" त्यांनी विचारलं.

"पायऱ्या उतरल्या," मी म्हटलं. "वाटेवर आहेत. सरळ चालल्यात. गॅरेजचं दार उघडलं."

"आता?"

"अजून आत आहेत. आल्या बाहेर. मटारची पिशवी आहे हातात. येतायत."

"पायरीपाशी आली का?"

मी उत्तर द्यायला थांबले, कारण काकू पायऱ्यांपाशी आल्या, तिथे क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग वर न चढता घराच्या कडेकडेने, दिव्यांच्या बाजूला वळल्या. भिंतीच्या कोपऱ्याआड गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"व्हेअर इज शी गोइंग?" मीनल ओरडली. "आई! बाबा, ती रस्ता चुकली!" ती बूट शोधायला लागली. एक पायात गेला, दुसरा सापडेना. काका वळले होते. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्यांचा दंड धरला.

तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली.

"आता कोण आलं?" काका चिडून म्हणाले आणि धावत जाऊन त्यांनी दार उघडलं.

दारात काकू उभ्या होत्या. शालीवर बर्फाची भुकटी, हातात मटार, गाल लालबुंद.

"म्हटलं, पुढून कसं दिसतं ते बघावं," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत संध्याकाळचं आपलं घर मी बाहेरून पाहिलंच नव्हतं हो."

काका खाली वाकले, गुडघे टेकले आणि काकूंच्या बुटाची चेन उघडायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मीनल पॅसेजमध्ये एका पायात बूट घालून उभी होती, तीही रडत होती.

"बूट काढू नका," काकू म्हणाल्या. त्यांनी मटारची पिशवी माझ्या हातात दिली आणि लेकीकडे बघितलं. "मीनू, मला कुणी विचारलं नाही, पण सांगते. मार्कहॅमला मी उन्हाळ्यात येईन, महिनाभर. पाहुणी म्हणून. चालेल?"

मीनलने डोळे पुसत मान हलवली.

"मग हे मटार टाका भातात. मी अजून एक चक्कर मारून येते."

आणि त्या पुन्हा बाहेर गेल्या.